घरी जेंबे शिकायचाय? मग आधी तीन आवाज वेगळे काढा

नवीन जेंबे, म्हणजे हाताने वाजवायचा आफ्रिकन ढोल, घेतलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आधी कुठला ऱ्हिदम शिकू?" आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे, कुठलाच नको, पहिले दोन महिने फक्त तीन आवाज काढ. बास, टोन आणि स्लॅप. हे ऐकून बरेच जण नाराज होतात कारण व्हिडिओत बघितलेलं असतं की कसे हात उडतात, लोक नाचतात, आणि इथे हा सांगतोय की एकच थाप शंभर वेळा मार. पण खरं सांगतो, जेंबेचं सगळं गाणं या तीन आवाजांत आहे, ते वेगळे निघाले नाहीत तर कितीही अवघड ऱ्हिदम वाजवा, ऐकणाऱ्याला नुसता धडधडाट ऐकू येतो.

मी शिकत होतो तेव्हा आई संध्याकाळी पोळ्या लाटत असायची आणि मी बाहेरच्या खोलीत बसून एकेक थाप मारून तिला विचारायचो, आता कुठला? बास ती पहिल्या दिवसापासून ओळखायची. टोन आणि स्लॅपला मात्र कित्येक आठवडे एकच उत्तर, "अरे दोन्ही सारखेच वाटतायत मला." साधारण चार महिन्यांनी एक दिवस ती आतूनच म्हणाली, हा गोल होता, आणि हा फुटाणा फुटल्यासारखा. त्यापेक्षा चांगलं वर्णन मी आजपर्यंत कुठे ऐकलेलं नाही. टोन गोल, स्लॅप फुटाणा. भिंतीपलीकडच्या, संगीताशी काही संबंध नसलेल्या माणसाला न बघता फरक कळला पाहिजे, ही परीक्षा मी आजही सगळ्यांना सांगतो.

हे वाद्य कुठलं आहे ते थोडं माहीत असू दे, कारण त्याचा वाजवण्याशी थेट संबंध आहे. जेंबे हा पश्चिम आफ्रिकेतल्या मांडे लोकांचा, आजच्या माली आणि गिनी या देशांत नायजर नदीच्या वरच्या खोऱ्यात. तो कोरायचं काम परंपरेने नुमू म्हणजे लोहार घराण्यांकडे, अख्ख्या एका खोडातून पेल्यासारखा आकार काढायचा आणि वर बकरीचं पातळ कातडं. गावात तो पेरणी-कापणी, लग्न, सुंता अशा प्रसंगांना वाजतो आणि जवळपास कधीच एकटा नसतो, सोबत काठीने वाजवायचे दुनुन नावाचे ढोल असतात, केनकेनी सगळ्यात लहान, सांगबान मधला, दुनुंबा सगळ्यात मोठा, आणि समोर नाचणारी माणसं असतात. मुख्य जेंबेवाला नाचणाऱ्याच्या पायाकडे बघत वाजवतो. जगभर तो पोचला तो मुख्यतः स्टेजवरून, फोदेबा केइता यांची 'ले बॅले आफ्रिकेन' ही नृत्यमंडळी १९५० च्या दशकात देशोदेशी फिरली आणि १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर तीच देशाची राष्ट्रीय मंडळी झाली. फामुदू कोनाते तिचे मुख्य जेंबेवादक होते, आणि मामादी केइता (१९५० ते २०२१) यांनी पुढे युरोपातून जगभर विद्यार्थी तयार केले. या दोघांची रेकॉर्डिंग्ज शोधून ऐका, रोज दहा मिनिटं, बाकी काही न करता. कानात तो टोन बसला नाही तर हाताला काय काढायचंय हेच कळणार नाही.

वाद्य घेताना

आठ इंचाचा शोभेचा जेंबे घेऊ नका, त्यावर हातच मावत नाही आणि चुकीची सवय लागते. मोठ्या माणसाला साधारण १२-१३ इंच तोंडाचा आणि ६० सेंटिमीटरच्या आसपास उंचीचा बरा. स्वस्तात मिळणारे पुष्कळ जेंबे इंडोनेशियात बनलेले असतात, सुरुवातीला चालतील, फक्त दोन गोष्टी दुकानातच तपासा. एक म्हणजे कड, कातड्याखालच्या लाकडाची कड गोल घासलेली पाहिजे, तळहात ठेवून दाबून बघा, धारदार लागली तर नको, महिन्याभरात बोटांच्या मुळाशी हाडं दुखायला लागतील. दुसरं म्हणजे वरची लोखंडी कडी कडेपासून पुरेशी खाली आहे ना, निदान दोनतीन बोटं, नाहीतर हात तिच्यावरच आपटणार. लाकडाला चीर आहे का ते आतून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. फायबरचं खोड आणि प्लॅस्टिकचं कातडं असलेले पण मिळतात, कोकणात-मुंबईत राहणाऱ्याला पावसाळ्यात त्याचा ताप कमी होतो हे खरं, पण बकरीच्या कातड्याचा गोलवा त्यात मला तरी मिळालेला नाही.

बसायचं कसं

हात नसलेली साधी खुर्ची घ्या आणि पुढच्या काठावर बसा. जेंबे दोन्ही मांड्यांच्या मध्ये, आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, तो तुमच्यापासून पुढे कलता ठेवा म्हणजे खालचं भोक जमिनीपासून उघडं राहील. नवीन माणूस हमखास तो सरळ उभा जमिनीवर टेकवतो आणि मग म्हणतो बास येत नाही. कसा येणार? बास हा कातड्यापेक्षा आतल्या हवेचा आवाज आहे, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तसाच प्रकार, साधारण ६५ ते ८० हर्ट्झ इतका खोल, आणि खालचं तोंड बंद केलंत की तो गुदमरतो. उंचीचं म्हणाल तर कातडं मांडीच्या थोडं वर असावं, खांदे खाली, कोपर अंगाला चिकटवायचं नाही आणि पंखासारखं बाहेरही काढायचं नाही. अंगठ्या आणि हातातलं कडं काढून ठेवा, हे विसरू नका, अंगठीने कातडंही फाटतं आणि बोटही दुखावतं.

तीन आवाज

बासपासून सुरू करा कारण तो लगेच येतो आणि उमेद राहते. पूर्ण पंजा, बोटं जुळलेली, मधोमध नाही तर मध्याच्या थोडं अलीकडे टाकायचा आणि लगेच वर. टाकायचा म्हणतोय, मारायचा नाही. चेंडू जमिनीवर टाकल्यावर जसा आपोआप परत येतो तसा हात परत आला पाहिजे. हात कातड्यावर राहिला की आवाज दबतो, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते.

टोन इथे खरी मेहनत आहे. हात मागे घ्या, इतका की बोटांच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो बरोबर कडेवर येईल, अंगठा बाहेर आणि वर, तो कडेवर आपटला तर दोन दिवस वाजवता येणार नाही. चारही बोटं जुळलेली, सरळ पण ताठ नाहीत, आणि ती मुळापासून टोकापर्यंत एकाच वेळी कातड्याला लागली पाहिजेत. एकाच वेळी. टोकं आधी लागली तर आवाज पातळ होतो, मूळ आधी लागलं तर ठक असा लाकडी येतो. मी पहिल्यांदा बरोबर टोन काढला तेव्हा मला कळलंच नाही की काय वेगळं केलं, फक्त खोलीत एक सूर उभा राहिल्यासारखा झाला, आणि मग तो परत आणायला आठवडा गेला. तर असा एखादा आला की थांबा, हात जिथल्या तिथे परत ठेवा आणि बघा बोटं कुठपर्यंत आत आहेत, मनगट कुठे आहे, हवं तर फोटो काढून ठेवा. मी पेन्सिलने कातड्यावर बारीक खूण केली होती.

स्लॅपची जागा टोनचीच आहे, हे लोकांना पटत नाही. हात फार पुढेमागे सरकत नाही, बोटांचं वागणं बदलतं. बोटं सैल आणि किंचित फाकलेली, तळव्यात थोडी पोकळी, आणि वजन टोकांच्या गादीत जातं, ओल्या हातावरचं पाणी झटकतो ना, अगदी तसा झटका. ताकद लावली की स्लॅप येत नाही, उलट दाबला जातो, आणि मग माणूस अजून जोर लावतो आणि हात सुजतो. हे चक्र मी खूप जणांमध्ये बघितलंय. स्लॅप एक दिवस अचानक येतो, दुसऱ्या दिवशी गायब होतो, असं महिनोन्महिने चालतं, त्यात तुमचं काही चुकत नाहीये. तोपर्यंत हळू आवाजात स्लॅप काढायची सवय करा, हळू काढता आला की मोठा आपोआप निघतो, उलटं मात्र होत नाही.

ज्यांनी तबला किंवा ढोलकी शिकलीय त्यांना एक सांगायचंय. तुमचा लयीचा पाया पक्का असतो, त्याचा फायदा भरपूर होतो, पण बोटं सुटी सुटी चालवायची सवय इथे आड येते. तबल्यावर शाई आहे, चाट आहे, कुठल्या बोटाने कुठे यावर अक्षर ठरतं. जेंबेचं कातडं सगळीकडे सारखं, शाई नाही काही नाही, त्यामुळे आवाज ठरतो तो अख्ख्या हाताचा आकार आणि जागा यावर. निदान पहिलं वर्ष बोटांची कारागिरी बाजूला ठेवा.

आधी तोंडाने म्हणा

आपल्याकडे बोल आधी तोंडाने म्हणायची पद्धत आहे तीच इथे उपयोगी पडते. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी यांनी अमेरिकेत शिकवताना जी अक्षरं वापरली ती आज घरी शिकणाऱ्याला सगळ्यात सोपी, बास म्हणजे उजव्या हाताला गुन आणि डाव्याला दुन, टोन म्हणजे गो आणि दो, स्लॅप म्हणजे पा आणि ता. डावखुरे असाल तर उलटं धरा. पहिला रियाज असा करा:

गुन दुन गुन दुन, गो दो गो दो, पा ता पा ता

एका ओळीत बारा थापा, उजवा डावा उजवा डावा, मध्ये कुठेही तोडायचं नाही. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि एका ठोक्याला दोन थापा, इतकं हळू. हळू वाजवताना कंटाळा येतो तो या कारणाने की प्रत्येक थापेतली चूक नागडी ऐकू येते, पण तेच तर हवंय. तोंडाने म्हणत वाजवा, ज्या क्षणी तोंड अडखळेल त्या क्षणी हात पण अडखळणार, म्हणजे तुम्हाला कळेल की अडचण हातात नसून डोक्यात होती. डावा हात सगळ्यांचाच कच्चा असतो, त्याला रोज पाच मिनिटं एकट्याला द्या.

यानंतर सहाचा रियाज:

गुन दो गो दुन गो दो

इथे बास एकदा उजव्यावर आणि एकदा डाव्यावर येतो, तीन-तीनचे दोन गट. दादरा वाजवणाऱ्यांना हे घरचंच वाटेल. पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी ऱ्हिदमचा पाया असा तीनाचा असतो, त्यामुळे हा रियाज लवकर सुरू केलेला बरा.

आणि मग पहिला खरा साथीचा ठेका, आठ मात्रा:

पा . . ता . . गो दो

टिंब म्हणजे रिकामी मात्रा, पण हात थांबत नाहीत, त्या जागी हात हवेतच चालतो, डावा उजवा क्रम मोडायचा नाही, म्हणून तर चौथ्या मात्रेला आपोआप डावा येतो. तीन, तीन, दोन अशी विभागणी झाली. पाय मात्र पहिल्या आणि पाचव्या मात्रेला जमिनीवर पडला पाहिजे, आणि गंमत अशी की पाचव्यावर हात रिकामे असतात. सुरुवातीला पाय हमखास चौथ्याला पडतो. पडू दे, थांबा, हात बाजूला ठेवा, उभे राहा आणि जागेवरच चालत चालत तोंडाने पा . . ता . . गो दो म्हणा. चालता चालता म्हणता आलं की बसा आणि वाजवा. हाच किंवा याच्या जवळचा ठेका तुम्हाला चारच्या पुष्कळ ऱ्हिदममध्ये साथीला सापडेल, म्हणून यावर महिना गेला तरी वाया नाही. पाच मिनिटं न थांबता, वेग न वाढता, टोन गोल ठेवून वाजवता येतो का बघा. बहुतेकांचा वेग दुसऱ्या मिनिटाला वाढतो.

इथे मेट्रोनोमबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. सुरुवातीला तो लागतोच, पण मालीची राजधानी बामाको, तिथल्या वादकांची रेकॉर्डिंग्ज नीट ऐकलीत तर लक्षात येईल की त्यांच्या मात्रा अगदी सारख्या अंतरावर नसतात, काही किंचित आखूड, काही लांब, आणि तेही दर वेळी त्याच जागी. जर्मन अभ्यासक रायनर पोलाक यांनी हे मोजून दाखवलंय. हा हेलकावा कागदावर लिहिता येत नाही, ऐकूनच अंगात येतो. म्हणून ठेका बसल्यावर मेट्रोनोम बंद करा आणि रेकॉर्डिंगच्या सोबत हळू आवाजात वाजवा.

दर रविवारी एक मिनिट मोबाइलवर रेकॉर्ड करून तारीख टाकून ठेवा. मोबाइल जेंबेच्या समोर तीनचार पावलांवर ठेवा, कारण वाजवणाऱ्याला वरून जे ऐकू येतं ते समोरच्याला ऐकू येत नाही, बास तर सगळा खाली आणि पुढे जातो.

हात, कान, शेजारी

तळवे लाल होणं, थोडी जळजळ, हे पहिल्या आठवड्यात होतं. सांधा दुखणं, बोट सुजणं हे होता कामा नये, झालं तर पद्धत चुकतेय, दोन दिवस बंद आणि परत हळू सुरुवात. अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, खूप जोरात, खूप वेळ वाजवल्यावर कधीकधी लघवी लालसर-तपकिरी येते, हातावर सतत आदळल्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात म्हणून. असं दिसलं तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, लाजू नका. वीस मिनिटं रोज हे रविवारी तीन तासांपेक्षा केव्हाही चांगलं. बंद खोलीत स्लॅप कानाला फार लागतो, इअरप्लग वापरा. शेजाऱ्यांसाठी कातड्यावर एक पातळ टॉवेल टाकला तरी हाताच्या जागा पक्क्या करता येतात, आणि बोलांचा रियाज तर मांडीवर लोकलमध्ये पण होतो.

कातड्याची काळजी

बकरीचं कातडं हवेतला ओलावा ओढतं. जून लागला की जेंबे ढिला पडतो, टोन खाली उतरतो आणि स्लॅप मेल्यासारखा वाटतो, तेव्हा तुमचा हात बिघडला असं समजू नका. थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवला की सुधारतो. गॅसवर धरायचा नाही. आणि उलटी चूक त्याहून महाग पडते, मी एकदा एप्रिलमध्ये जेंबे बंद गाडीत दोन तास ठेवला होता, परत आलो तर कातडं कडेपासून कडेपर्यंत उभं फाटलेलं. नवीन कातडं बसेपर्यंत तीन आठवडे उशीवर वाजवत होतो. दोऱ्या ओढून ताणणं एखाद्या जाणकाराकडे शेजारी बसून एकदा बघा आणि मग करा, एकाच बाजूने ओढलं तर कडी तिरकी होते. कच्चं, केसाळ कातडं आणून घरी खरवडायच्या भानगडीत मात्र पडू नका, अशा कातड्यातून अँथ्रॅक्स हा जिवाणूंचा जीवघेणा आजार होऊ शकतो, २००८ मध्ये लंडनमध्ये एका ड्रम बनवणाऱ्याचा त्यातूनच मृत्यू झाला होता. तयार वाद्य वाजवणाऱ्याला हा धोका अगदीच कमी, पण खरवडताना धूळ नाकात जाते.

पुढे काय

तीन आवाज आणि तो एक ठेका बसला की घाईने दहा ऱ्हिदम गोळा करू नका, एक घ्या. कुकू घ्या, गिनीच्या जंगलपट्ट्यातला, बायकांच्या मासेमारीशी जोडलेला नाच आहे तो, किंवा कासा घ्या, शेतात काम करणाऱ्यांसाठी वाजवतात तो. त्याच्यातला फक्त जेंबे शिकून थांबू नका, सांगबान काय वाजवतोय ते आधी गुणगुणायला शिका. हात साथीचा ठेका धरतायत आणि तोंड सांगबानची ओळ म्हणतंय, हे जमलं की समजा तुम्ही ऱ्हिदमच्या आत शिरलात, कारण खरी चाल दुनुनमध्ये असते आणि जेंबे तिच्यावर बोलत असतो. कोणी सोबतीला असेल तर त्याला उलटी बादली आणि लाटणं द्या, केनकेनीची ओळ बहुतेक वेळा सोपी असते, अर्ध्या तासात जमते. आमच्याकडे ते लाटणं आईच्या हातात आहे, आणि माझा वेग वाढला की ती वाजवायचं थांबवून नुसती बघत बसते, मग मी परत हळूपासून सुरू करतो.